कोंकणांतील घरांचीं छपरें

रत्नागिरीस पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास वर्षाकाठीं पंचवीस-तीस इंच पडतो. एवढी एकच तुलना लक्षांत घेतली म्हणजे कोंकणांतील माणसाला भिंतींपेक्षां छपराची काळजी अधिक कां, हें निराळें सांगावयास नको. शिवाय हा पाऊस सरळ पडत नाहीं. समुद्रावरचा वारा त्याला तिरका मारतो. तो पागोळ्यांखालून ओटीवर येतो, सांध्यांत शिरतो, भिंतींना भिजवितो. देशावरील घर धाब्याचें असूं शकलें, कोंकणांतील असूं शकलें नाहीं. या पावसाशीं येथील माणसानें शेंकडों वर्षें जो व्यवहार केला, तो वाचावयाचा असेल तर घराच्या छपराकडे पाहावें.

सर्वांत जुनें छप्पर गवताचें. भाताची झोडणी झाली कीं पेंढ्याची उडवी रचीत. डोंगरउतारावरचें गवत कापून ठेवीत. नारळीच्या बागा असलेल्या किनारपट्टींत झावळ्यांचे झाप विणीत. ऐन, किंजळ, फणस अशा गांवच्याच झाडांचे खांब व वासे, त्यांवर बांबूच्या किंवा पोफळीच्या कामट्या, आणि त्यांवर गवताचे थर. हें काम म्हणजे शाकारणी. तिला पैसा जवळजवळ लागत नसे. परंतु श्रम मात्र दर वर्षीं लागत, आणि शेजाऱ्यांचे हात लागत. आज तुमचें घर, उद्यां आमचें, अशा रीतीनें वाडी शाकारून निघे.

गवताच्या छपराला उतार फार लागतो. पाण्याचा थेंब काडीवरून काडीवर घरंगळत वळचणीपर्यंत पोंचला पाहिजे. उतार कमी पडला कीं तो वाटेंत थांबतो, थर कुजतो आणि नेमकी त्याच जागीं गळती लागते. म्हणून आढें उंच, आणि वळचण इतकी खालीं कीं आंत शिरतांना मान वांकवावी लागे. ‘आढ्याचें पाणी वळचणीला जातें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें मुसळधार पावसांत छपराकडे फार वेळ पाहिलें असलें पाहिजे.

गवताचा दुसरा शत्रू विस्तव. या भयाचा एक जुना आणि विश्वसनीय दाखला याच जिल्ह्यांतला आहे. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांचें घोडदळ चिपळूणजवळ पावसाळ्याच्या छावणीस होतें. तेथील अंमलदारांस लिहिलेलें महाराजांचें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस उपद्रव देऊं नये, या त्यांतील आज्ञेचा उल्लेख नेहमीं होतो. त्याच पत्रांतील आगीविषयींच्या मजकुराकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. कोणी भलत्या जागीं चुली मांडतील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेतील, रात्रीं घरांत दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, आणि एका खणास आग लागली म्हणजे सारे खण जातील, असा एकेक संभव त्यांत मोजलेला आहे. ६ जून १६७४ रोजीं ज्या पुरुषाला राज्याभिषेक झाला, त्याला त्याच काळांत उंदराच्या तोंडांतील वातीचाही विचार करावासा वाटला! पुढें १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत गडाच्या तटांत उगवणारीं झाडें वरचेवर काढून टाकण्याविषयीं लिहिलें, तेंही याच जातीचें शहाणपण. पिंपळाचें रोप बोटाएवढें असतांना नखानें निघतें. मनगटाएवढें झालें म्हणजे त्याच्याबरोबर तट निघतो.

ज्याला ऐपत असे तो कौलें घाली. हें कौल कुंभाराच्या चाकावरचें. तो मडक्यासारखी एक लांबट निमुळती नळी काढी, ती ओली असतांनाच उभी चिरी, आणि एका नळीचीं दोन कौलें होत. तीं उताणीं-पालथीं अशा ओळींनीं लावीत. त्यांना खिळा नाहीं, चुना नाहीं. तीं केवळ आपल्या वजनानें बसत. साहजिकच मांजर धांवलें, वानर उडालें, एखादी झावळी येऊन पडली, कीं कौल सरके. आणि सरकलेल्या कौलाची बातमी मृगाच्या पहिल्या सरीखेरीज कोणी देत नसे. म्हणून वैशाखांत छप्पर उतरून, कौलें झाडून, फुटकीं निवडून, चांगलीं पुन्हां लावावीं लागत. यास कौलें चाळणें म्हणतात. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतें. त्याच्या आंत हें काम उरकलेंच पाहिजे, हा हिशेब निरक्षर माणसालाही पाठ असे.

या नळीच्या कौलांची सद्दी मंगळूरनें संपविली. तिचा उगम मात्र दूरचा आहे. फ्रान्समधील आल्सास प्रांतांत जिलार्दोनी नांवाच्या बंधूंनीं १८४१ मध्यें एकमेकांत अडकणाऱ्या खांचांच्या कौलाचें पेटंट घेतलें. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील मिशनची माणसें १८३४ पासून मंगळुरास होतीं. धर्मांतर केलेल्या लोकांना जातीचे धंदे सुटल्यामुळें काम द्यावें लागे. त्यांतून विणकामाचे आणि पुढें कौलांचे कारखाने निघाले. नेत्रावती नदीकांठची चिकण माती पाहून गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्यानें १८६५ मध्यें तेथें कौलांचा कारखाना घातला. पुढें पाहतां पाहतां मंगळुरास या धंद्याचें एक नगरच उभें राहिलें. १९१४ चें महायुद्ध सुरू झाल्यावर मिशनचे हे कारखाने त्याच्या हातून गेले; कौल मात्र राहिलें, आणि नांवही ‘मंगळुरी’च राहिलें. जुन्या घराचें कौल उलटें करून पाहिल्यास पाठीवर कारखान्याचें नांव उमटलेलें दिसतें. बाझेल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आंकडाही आढळतो, आणि घरधनी मोठ्या अभिमानानें तें वर्ष आपल्या घराचें म्हणून सांगतो. तें वर्ष कारखान्याचें आहे, घराचें नव्हे.

जड आणि फुटणारा माल गलबतानेंच स्वस्त पडतो. रत्नागिरी हें तर बंदर. समुद्रमार्गें आलेलें हें कौल नळीच्या कौलाला दोन गोष्टींत भारी ठरलें. एक तर तें खांचेंत अडकतें, म्हणून सहज सरकत नाहीं. दुसरें, तें पातळ व सुबक असल्यामुळें छपराचा भार हलका होतो. शंभर चौरस फुटांना सुमारें दीडशें कौलें पुरतात. दर वर्षीं सबंध छप्पर उतरविण्याची गरज उरली नाहीं. येथेंच एक मोठी चूक घडली. गरज कमी झाली, ती संपली नव्हती; पण पुष्कळांनीं ती संपली असें मानलें.

मंगळुरी छपराचा बिघाड कसा होतो हें समजून घेण्यासारखें आहे. सहाशें चौरस फुटांचें छप्पर धरलें तर त्यावर नऊशें कौलें आलीं. त्यांतील एकावर आंब्याची फांदी पडून कोपरा उडाला. पहिल्या पावसांत माजघरांत दोन थेंब पडले. घरच्या बाईनें खालीं पातेलें ठेवलें. पातेल्यानें जमीन वांचली, छप्पर वांचलें नाहीं. पाणी रिपेवरून वाशावर उतरलें. सुका वासा शंभर वर्षें टिकतो, सदा बुडालेलें लांकूडही टिकतें. पण एकदां भिजणारें आणि एकदां सुकणारें लांकूड कुजतें, आणि कुजलेल्या लांकडाला वाळवी हुडकीत येते. दोन-तीन पावसाळ्यांनीं वासा वांकला, त्यावरची ओळ खचली, सांधे उघडले, आणि पाणी मातींत बांधलेल्या जांभ्याच्या भिंतींत उतरूं लागलें. आतां वासा बदलावयाचा तर सुतार पाहिजे, त्या पाख्यावरचीं सारीं कौलें उतरलीं पाहिजेत, उतरतांना फुटतील तितकीं नवीं आणलीं पाहिजेत. पहिल्या वर्षीं एका कौलाचें काम होतें. दोन पाखीं मिळतात तेथील पन्हळीचेंही असेंच. तेथें पालापाचोळा सांठतो, त्याचा बांध होतो, आणि पाणी मागें फिरून कौलांच्या खालीं शिरतें. छपराची निगा राखणारा माणूस म्हणूनच उन्हाळ्यांत प्रथम पन्हळ झाडतो आणि मग कौलांकडे वळतो.

जुन्या घराला आणखी एक रक्षक होता, तो म्हणजे धूर. चुलीचा धूर वाशांना, कामट्यांना रोज लागे. लांकूड काळें होई, पण त्याला सहसा कीड लागत नसे. त्या धुरानें बायकांचे डोळे आणि छाती बिघडे, हें विसरून त्याचे गोडवे गाणें बरें नव्हे. तरी घर चालतें असलें म्हणजे तें का टिकतें, याचें एक कारण त्या काजळींत आहे.

राजाच्या छपरालाही हाच नियम लागू पडला. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ च्या युद्धांत पदच्युत झाला आणि १८८६ मध्यें रत्नागिरीस आणला गेला. कित्येक वर्षें तो बंगल्यांत राहिला. १९१० च्या सुमारास भाट्याच्या खाडीच्या बाजूला उंचावर त्याच्यासाठीं सरकारनें तीन मजली राजवाडा बांधला. जांभा, तांबडी वीट, ब्रह्मी सागवान आणि उतरतीं छपरें. मंडालेच्या राजानेंही शेवटीं कोंकणी पावसाला कोंकणी उतारच दाखविला. राजा तेथें सहाच वर्षें राहिला. डिसेंबर १९१६ मध्यें तो वारला आणि १९१९ मध्यें राणी सुपायालत ब्रह्मदेशास परत गेली. धनी गेल्यावर एवढ्या मोठ्या वास्तूची जी स्थिती होते ती तिचीही झाली. आज तेथें पुरातत्त्व खात्याचें वस्तुसंग्रहालय आहे, म्हणून वाड्याला धनी आहे असें म्हणतां येईल. २३ जुलै १८५६ रोजीं ज्या घरांत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला तें टिळक आळींतील कौलारू घरही असेंच सरकारी निगेंत उभें आहे.

परंतु ज्या घरांत राजा राहिला नाहीं, लोकमान्य जन्मले नाहींत, त्या घरांचें काय? मुंबईस कापसाच्या गिरण्या १८५० नंतरच्या दशकांत निघाल्या आणि त्यांत राबणारे हात फार मोठ्या प्रमाणांत रत्नागिरी जिल्ह्यांतून गेले. १८८० मध्यें टपालाची मनीऑर्डर सुरू झाली. त्या पैशांनीं कित्येक गवताचीं छपरें कौलारू झालीं, ही गोष्ट खरी. परंतु छपरावर चढणारा मुलगाही त्याच वाटेनें गेला. आरंभीं म्हातारीं माणसें घरीं असत. पुढें तींही गेलीं. घर गणपतीस उघडूं लागलें, आणि गणपती येतात भाद्रपदांत. चाळणीचा वैशाख तोंपर्यंत उलटून गेलेला असतो, आणि पावसाला चांगले अडीच-तीन महिने मिळालेले असतात.

त्यांतच घर सामाईक. चार भाऊ, चारांचीं नांवें कागदावर, आणि एक फुटलेलें कौल. थोरला म्हणतो धाकट्यानें बदलावें, तो गांवाजवळ आहे. धाकटा म्हणतो वांटणी झाल्याशिवाय पैसा कां घालावा? कौलाला वांटणी ठाऊक नसते. घर फिरलें म्हणजे वासेही फिरतात, असें म्हणतात. येथें क्रम उलटा आहे: वासे आधीं फिरतात आणि घर त्यांच्या मागून. आढें मोडलें कीं दोन-चार पावसाळ्यांत भिंतींतील माती धुपून जाते. रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक वाड्यांत तुळशीवृंदावन शाबूत आणि त्यामागें जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग, असें दृश्य दिसतें तें यामुळें. पडलेल्या घराचे चिरे विकले जातात, आणि त्या विक्रीसाठीं मात्र चारही भाऊ एक दिवस गांवीं येतात.

छपरांचा अलीकडचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. कौलें लावणारे हात कमी झाले, तसे लोक सिमेंटच्या स्लॅबकडे आणि पत्र्याकडे वळले. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ उत्तरेकडील किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोली-मंडणगड भागांत हजारों घरांचें नुकसान झालें. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलें. वादळांत कौल उडालें तर एकटें उडतें. पत्रा उडाला तर सबंध उडतो आणि दुसऱ्याच्या अंगणांत जाऊन पडतो. तरी कौलेंच चांगलीं असा हट्ट धरण्यांतही अर्थ नाहीं. ज्याच्या घरीं वर चढणारा कोणी नाहीं त्यानें पत्रा घातला तर त्याला नांवें ठेवूं नयेत. फक्त त्याचे आंकडे आणि खिळे पावसापूर्वीं तपासावेत.

स्लॅबची कथा अधिक मौजेची आहे. सपाट छप्पर कोंकणांत आलें तें मुंबईच्या इमारती पाहून. पहिलीं कांहीं वर्षें बरीं गेलीं. मग उन्हानें तडे पडले, पाणी सांचलें, आंतलें लोखंड गंजून फुगलें आणि चुन्याचे पोपडे जेवणाच्या पानांत पडूं लागले. त्यावर डांबर झालें, नाना तऱ्हेचे लेप झाले. अखेर गांवोगांव लोकांनीं लोखंडी खांब उभे करून स्लॅबच्या वर उतरता पत्रा घातला. पणजोबांनीं गवताला दिलेला उतार पणतवानें हजारों रुपये खर्चून पुन्हां वर नेऊन ठेवला आहे. आणि त्या पत्र्याखालच्या कोरड्या जागेंत आतां सुके नारळ, सरपण आणि जुन्या घराचीं उतरविलेलीं मंगळुरी कौलें नीट रचून ठेवलेलीं असतात.