खाल्ल्या मिठाला जागणं आणि खातं क्रमांक ८८८८८

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत.

गोष्ट जुलै १९९२ची, सिंगापूरमधली. एका ब्रिटिश बँकेच्या छोट्या ऑफिसात एका कॉम्प्युटर सल्लागाराला एक काम सांगितलं गेलं. सिंगापूरहून लंडनच्या मुख्य ऑफिसला रोज सौद्यांचा डेटा जायचा: कुठले सौदे झाले, काय भावाने झाले, कुठल्या पोझिशन उघड्या आहेत आणि किती मार्जिन लागलं. काम एवढंच, की एक ठरावीक खातं यातून वगळायचं. सल्लागाराने बदल केला. तीन फायलींमधून ते खातं गायब झालं. चौथ्या, मार्जिनच्या फायलीत मात्र राहिलं.

त्या खात्याचा नंबर होता ८८८८८. चिनी लोकांत आठ हा शुभ आकडा.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. हा प्रसंग बँक ऑफ इंग्लंडच्या चौकशी अहवालाच्या निमित्ताने वाचला तेव्हा मला सगळ्यात आधी तो सल्लागार दिसला. कारण अशी टिकेट मलाही आलेली आहेत. एका जुन्या नोकरीत 'हे खातं मॅचिंगच्या रिपोर्टमधून काढा' असं एक आलं होतं. दहा मिनिटांचं काम, कोडमध्ये एका अटीची भर. का, हे मी विचारलं नाही. शुक्रवार होता.

असो. बँकेचं नाव बॅरिंग्ज. स्थापना १७६२. १८०३मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख विकत घेतला, तो पैसा उभा करण्यात या बँकेचा हात होता. इंग्लंडची राणी तिची ग्राहक. आणि सिंगापूरच्या ऑफिसात तो बदल करायला सांगणारा होता निक लीसन, वय पंचवीस, प्लॅस्टरकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. जकार्तामध्ये बँकेचे कोट्यवधी पौंडांचे कागद कुणाच्याच हिशोबात न बसता पडून होते, ते यानेच निस्तरले. म्हणजे हुशार होता, मेहनती होता, आणि आकडे जिथे अडकतात ती जागा त्याला नेमकी माहीत होती. हे शेवटचं लक्षात ठेवा.

सिंगापूरला त्याला दोन खुर्च्या मिळाल्या. बाजारात सौदे करायचे, आणि झालेल्या सौद्यांचा हिशोब ठेवणाऱ्या विभागावरही देखरेख करायची. आपल्याकडे याला चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या म्हणतात. फक्त इथे किल्ल्या दिल्या तेव्हा तो चोर नव्हता.

गंमत बघा, नेमक्या त्याच वर्षी मुंबईत हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आला होता. वेब सिरीज तुम्ही पाहिलीच असेल. एप्रिल १९९२मध्ये बातमी फुटली आणि जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना लेखी सांगितलं, की सौदा करणारे वेगळे आणि त्याची नोंद ठेवणारे, तपासणारे वेगळे हवेत. सिंगापुरात ८८८८८ उघडलं ते त्याच्या पुढच्याच महिन्यात, ३ जुलैला.

आता इमानाचा मुद्दा. लीसनने नंतर सांगितलेली गोष्ट अशी: ऑफिसातल्या एका नवख्या मुलीने ग्राहकासाठी वीस फ्युचर्स घ्यायच्या ऐवजी विकली. वीस हजार पौंडांचं नुकसान. तिची नोकरी जाऊ नये म्हणून त्याने ते ८८८८८मध्ये टाकलं. ऐकायला छान वाटतं ना? सहकाऱ्याला सांभाळून घेणारा बॉस. मलाही बराच काळ ही गोष्ट खरी वाटत होती. पण तारखा बघा. ती चूक जुलैच्या मध्याची. खातं उघडलं ३ तारखेला आणि सॉफ्टवेअरमधला बदल ८च्या सुमारास. म्हणजे लपवायची जागा आधी तयार झाली, लपवायला कारण नंतर आलं. कदाचित मुलीचा प्रसंगही घडला असेल. पण सगळं तिच्यासाठी सुरू झालं, हे मला पटत नाही.

पुढचं गणित एफ अँड ओ करणाऱ्यांना सांगायला नको. त्याचं अधिकृत काम जवळपास बिनजोखमीचं होतं. जपानचा निक्केई निर्देशांक ओसाकामध्ये आणि सिंगापूरच्या सायमेक्स बाजारात, दोन्हीकडे चालायचा. भावात फरक दिसला की स्वस्त तिथे घ्यायचं, महाग तिथे विकायचं. प्रत्यक्षात तो ८८८८८मध्ये मोठमोठे सट्टे लावत होता, ऑप्शन विकून प्रीमियम उचलत होता, आणि तोटा तिथेच ठेवून नफा बँकेच्या खऱ्या खात्यांत दाखवत होता. १९९४मध्ये कागदावर त्याचा नफा २ कोटी ८५ लाख पौंड. त्याच वर्षअखेरीस ८८८८८मधला साठलेला तोटा २० कोटी ८० लाख पौंड.

हे दिसलं कसं नाही? इथे माझा इंजिनियर जीव कासावीस होतो. ती मार्जिनची चौथी फाईल रोज लंडनला पोचत होती! पण तिथल्या सिस्टीमला ८८८८८ हा नंबर ओळखीचा नव्हता. ओळख पटत नाही अशा नोंदी ती एका बाजूच्या फायलीत टाकून पुढे जायची. ती फाईल कुणी उघडत नव्हतं. आपण नाही का लॉगमधल्या वॉर्निंग बघून न बघितल्यासारखं करत, तसंच.

पण सगळा दोष सिस्टीमवर ढकलता येत नाही. १९९२च्या मार्चमध्येच सिंगापूरच्या एका वरिष्ठाने लंडनला पत्र लिहून बजावलं होतं की ही रचना अंगाशी येईल. १९९४च्या उन्हाळ्यात अंतर्गत ऑडिटही झालं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की एका माणसाच्या हातात दोन्ही कामं हा धोका आहे. त्याच अहवालातली दुसरी चिंता मला जास्त बोलकी वाटते: लीसन एखाद्या स्पर्धक कंपनीत गेला तर आपला नफा झपाट्याने आटेल.

म्हणजे बँकेला त्याच्या निष्ठेची काळजी होतीच, पण ती होती 'हा सोडून तर जाणार नाही ना' या स्वरूपाची. आजही गुंतवणुकीच्या धंद्यात 'एम्प्लॉयरशी निष्ठा' म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात हेच येतं. सीएफए करणारे याचे नियम पाठ करतात: नोकरीत असताना मालकाशी स्पर्धा करू नका, ग्राहकांची यादी घेऊन पळू नका, गुपितं फोडू नका. बरोबरच आहे ते. पण त्याच संहितेत हेही आहे की ग्राहकाचं हित आणि बाजाराचा प्रामाणिकपणा मालकाच्या हिताच्या आधी येतो, आणि हाताखालच्यांवर लक्ष ठेवणं हे वरिष्ठाचं कर्तव्य आहे. नोकरी बदलणं हा गुन्हा नाही. लीसन १९९३मध्ये दुसरीकडे गेला असता, तर त्याच्या जागी आलेल्या माणसाला आठवड्याभरात ८८८८८ सापडलं असतं आणि बँक थोडक्यात वाचली असती. त्या वर्षअखेरीस तोटा फक्त २ कोटी ३० लाख होता.

आणि बँक तरी कुठे सरळ होती? लंडनमध्ये लीसनच्या परवान्याचा अर्ज अडला होता, कारण कर्जाबद्दलचा कोर्टाचा निकाल त्याने लपवला होता. बॅरिंग्जने अर्ज गुपचूप मागे घेतला, माणूस सिंगापूरला पाठवला आणि सायमेक्सला याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याने कंपनीकडूनच शिकलं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. शिवाय त्याच्या 'नफ्या'वर वरच्यांचे बोनस ठरत होते. १९९४साठी खुद्द त्याला साडेचार लाख पौंड द्यायचं ठरलं होतं. एवढं मीठ खाणारे सगळेच असताना ते खारट का लागतंय, हे विचारणार कोण?

१७ जानेवारी १९९५ला कोबेमध्ये भूकंप झाला. २३ तारखेला निक्केई एका दिवसात हजारावर अंकांनी पडला. लीसन मात्र निक्केई वर जाईल यावर पैसे लावतच राहिला. मार्जिनसाठी लंडन पैसे पाठवत राहिलं, शेवटी शेवटी एकूण ७४ कोटी पौंडांवर. बँकेचं स्वतःचं भांडवल ५४ कोटी होतं. मधल्या काळात ऑडिटरना एक भोक दिसलं, तेव्हा त्याने एका अमेरिकी फर्मच्या नावाने खोटं पत्र फॅक्स केलं. ते निघालं त्याच्या घरच्या मशीनवरून. वर छापलं होतं: 'निक आणि लिसाकडून'. लिसा त्याची बायको. ऑडिटरनी ते पत्र स्वीकारलं. हा तपशील मी तीनदा तपासला, खरंच आहे.

एकूण तोटा ८२ कोटी ७० लाख पौंड. डच कंपनी आयएनजीने २३३ वर्षांची बँक घेतली एका पौंडाला. लीसन फ्रँकफर्टला पकडला गेला आणि डिसेंबर १९९५मध्ये त्याला साडेसहा वर्षं झाली. आरोप दोन: ऑडिटरना फसवणं आणि सायमेक्स बाजाराला फसवणं.

या सगळ्यात मला एक माणूस आवडतो. फेब्रुवारीत लंडनहून सिंगापूरला पाठवलेला सेटलमेंटचा एक कारकून. ना बडा पगार, ना मोठं पद. तो आकडे जुळवत बसला आणि त्याच्या लक्षात आलं की सगळे सौदे आज बंद केले तरी पैसे पुरत नाहीत, मोठी तूट आहे. त्याने ते वर कळवलं आणि लीसनला गाठायचा प्रयत्न करत राहिला. लीसन दिवसचे दिवस टाळत होता. अखेर २३ फेब्रुवारीला, गुरुवारी, तो समोर बसला. कारकुनाने कागद पुढे केले. लीसन मध्येच उठून बाहेर गेला आणि परत आलाच नाही.

परवा मी जुन्या ऑफिसातल्या एका मित्राला मेसेज केला: ते वगळलेलं खातं आठवतं का, कशाचं होतं? त्याने विचारलं, कुठलं खातं?