मेलेली तार

वायरमन शॉक लागून खांबावरून पडला, की चावडीवर लोक एवढेच म्हणतात, 'निष्काळजीपणा नडला.' कधी तो नडतोही. पण श्रोतेहो, या कामाचा इतिहास पाहिला तर पुष्कळदा मरणाचे कारण त्या खांबावर नसतेच. ते दूर कुठेतरी असते.

न्यूयॉर्क शहरात एके काळी तारांचे जंजाळ माजले होते. तारायंत्राच्या, टेलिफोनच्या, रस्त्यावरच्या दिव्यांच्या तारा शेजारी-शेजारी. तारा जमिनीखाली न्या, असा कायदा १८८४ साली झाला. कंपन्यांनी चालढकल केली. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी भरदुपारी जॉन फीक्स नावाचा तारायंत्र कंपनीचा लाइनमन एका खांबावर चढला. तारायंत्राची तार ती. तिच्यात जीव घेण्याइतका जोर नसतो. पण काही अंतरावर तीच तार दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेला टेकली होती! सुमारे पाऊण तास फीक्सचा देह तारांच्या जाळ्यात अडकून होता, आणि खाली ही गर्दी.

फीक्सचे काय चुकले? मला विचाराल तर जवळजवळ काहीच नाही.

शहर खवळले. महापौर ग्रँट यांनी धोक्याच्या तारा तोडायला लावल्या. एडिसनने लेख लिहून उच्च दाबाच्या विजेवर कोरडे ओढले. त्याचा स्वतःचा धंदा कमी दाबाच्या विजेचा होता, हेही ध्यानात असू द्यावे. कामगारांनी १८९१ साली सेंट लुइसला आपली संघटना काढली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन. १८९६ साली तोही तारेवर काम करताना शॉक लागून पडला, आणि गेला.

पुढे नियम आले. 'लाइन बंद आहे' या तोंडी निरोपावर हात लावायचा नाही. लेखी परमिट घ्यायचे, तारेत वीज नाही हे तपासायचे, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे, म्हणजे बाहेरून वीज शिरलीच तर ती जमिनीत जाईल.

बाहेरून म्हणजे कुठून? कधी आपल्याच घरातून. लाइन गेली म्हणून लग्नघरी जनरेटर आणतात आणि मेन स्विच बंद न करताच घरच्या वायरिंगला जोडतात. ती वीज उलटी डीपीकडे धावते. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो तसा चढवतोही. घरातले २३० व्होल्ट पलीकडे हजारो व्होल्ट होऊन ११,००० व्होल्टच्या लाइनवर चढू शकतात. त्या लाइनवर, दोन शिवारे ओलांडून, परमिट घेतलेला वायरमन असतो. मध्ये चेंजओव्हर स्विच बसवलेला असला, की जनरेटरची वीज घराबाहेर पडत नाही.