गडगे, द्राक्षमळे आणि मातेची पाच मंदिरे

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, जिनोआ आणि ला स्पेझिया या दोन बंदरांच्या दरम्यान, लिगुरिया प्रांतातील डोंगर थेट भूमध्य समुद्रात उतरतात. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सपाट भूमी जवळजवळ नाहीच. या कड्यांच्या कुशीत मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच लहान गावे शतकानुशतके वसलेली आहेत. या पाचांना मिळून 'चिंक्वे तेर्रे', म्हणजे 'पाच भूमी', असे नाव पडले आहे. महाकवी दान्तेने शुद्धीस्थानाच्या पर्वताची चढण किती बिकट आहे हे सांगताना याच लिगुरियन किनाऱ्याच्या कड्यांशी तिची तुलना केली आहे. यावरून मध्ययुगीन माणसाला ही भूमी कशी दिसत असे, याची कल्पना येते. तिचे सौंदर्य त्याच्या मनात नव्हते. तिची धास्ती होती.

आज चित्र पालटले आहे. दरवर्षी लाखो प्रवासी तेथे येतात, पाठीवर लहानशी पिशवी घेतात आणि दिवसभर या डोंगरांतून पायी भटकतात. समुद्रालगतची वाट मोंतेरोस्सोपासून रिओमाज्जोरेपर्यंत सुमारे 12 किलोमीटरची आहे. खाली निळे पाणी, वर द्राक्षांचे मळे, मध्ये ऑलिव्हची झाडे आणि वळणावळणावर रंगीत घरांचे दर्शन! सृष्टीसौंदर्याने मन हरखून जावे अशीच ही वाट आहे. परंतु ती सौंदर्य पाहण्यासाठी कोणी बांधलेली नाही. ती श्रमाची आणि प्रार्थनेची वाट आहे. तिचा हा इतिहास ठाऊक नसेल, तर पावलांखालचे दगड आपल्याशी काहीच बोलणार नाहीत.

सुमारे हजार वर्षांपूर्वी, सागरी लुटारूंचा उपद्रव ओसरू लागल्यावर, डोंगरमाथ्यावरच्या वस्त्यांतील लोक हळूहळू समुद्राकडे उतरले. तेराव्या शतकात हा किनारा जिनोआच्या प्रजासत्ताकाच्या सत्तेखाली आला. नांगर धरायला जमीन नव्हती. म्हणून लोकांनी ती निर्माण केली. उतारावरील खडक फोडायचा, निघालेल्या दगडांची भिंत रचायची, भिंतीमागे माती भरायची आणि त्या अरुंद पट्टीवर द्राक्षवेल लावायचा, असा त्यांचा क्रम होता. पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालले. समुद्रापासून उंच माथ्यापर्यंत डोंगराला जणू पायऱ्या पडल्या. या भिंतींची एकत्र लांबी हजारो किलोमीटर भरते. येथील द्राक्षारसाची कीर्ती इतकी पसरली की चौदाव्या शतकात बोकाच्चोने आपल्या 'देकामेरॉन'मध्ये कोर्निल्याच्या द्राक्षारसाचा नावानिशी उल्लेख केला.

या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. आपल्या कोकणात ज्याला गडगा म्हणतात, त्याच जातीची ही रचना आहे. मोठे दगड पायाशी, लहान वर, आणि मागच्या बाजूस बारीक दगडांची भर. यातच तिचे शहाणपण आहे. पावसाचे पाणी भिंतीच्या फटींतून वाट काढून झिरपते. माती मात्र मागे राहते. पक्की भिंत पाण्याला अडवते आणि अखेरीस पाण्याच्या भारानेच कोसळते. गडगा पाण्याला वाट देतो, म्हणून टिकतो. मात्र त्याची एक अट आहे: त्याच्याकडे दरवर्षी लक्ष द्यावे लागते. एक दगड निसटला तर तो लगेच बसवावा लागतो. अन्यथा पुढच्या पावसात दहा निसटतात.

अशा कष्टाळू लोकांनी देवालाही विसरले नाही. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचही गावांत दगडी चर्चे उभी राहिली. वेर्नात्साचे संत मार्गारेटचे चर्च 1318 सालचे, मानारोलाचे संत लॉरेन्सचे 1338 सालचे, तर रिओमाज्जोरेचे संत योहान बाप्तिस्ताचे 1340 सालचे. वेर्नात्साचे चर्च समुद्राच्या इतके निकट आहे की लाटांचा नाद वेदीपर्यंत पोहोचतो.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की प्रत्येक गावाने आपले आणखी एक तीर्थमंदिर वर डोंगरात बांधले, आणि ही पाचही मंदिरे पवित्र मरियेची आहेत. मोंतेरोस्सोच्या वर सोव्हियोरे, वेर्नात्साच्या वर रेज्जो, कोर्निल्याच्या वर सान बेर्नार्दिनो, मानारोलाच्या वर वोलास्त्रा आणि रिओमाज्जोरेच्या वर मोंतेनेरो. गावातून मंदिराकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पाखाड्याच होत. मळ्यात कामाला जाणारा शेतकरी, द्राक्षांच्या टोपल्या वाहणाऱ्या स्त्रिया आणि सणाच्या दिवशी मातेला भेटायला निघालेले कुटुंब, सारे याच वाटेने चढत. वोलास्त्रा येथील माता 'आरोग्यमाता' या नावाने पुजली जाते. वेलांकणीच्या यात्रेकरूंना हे नाव परके वाटणार नाही. रेज्जोची कृष्णवर्णी माता ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, तर मोंतेनेरोची माता पेंटेकॉस्टनंतरच्या सोमवारी आपल्या लेकरांना डोंगरावर बोलावते.

या पाचांत सोव्हियोरे सर्वांत प्राचीन मानले जाते. त्याची आख्यायिका अशी: सातव्या शतकात लोम्बार्ड राजा रोथारीच्या स्वारीच्या भयाने पळणाऱ्या लोकांनी मातेची मूर्ती जमिनीत पुरून ठेवली आणि पुढे एका धर्मगुरूला ती पुन्हा सापडली. रोथारीने सन 643 च्या सुमारास लिगुरिया जिंकला, हे इतिहासाला मान्य आहे. आज मंदिरात असलेली, मृत प्रभूला मांडीवर घेतलेल्या मातेची काष्ठमूर्ती मात्र पंधराव्या शतकातील मानली जाते. मग आख्यायिका टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. तिने मूर्तीचे वय चुकीचे सांगितले असेल; परंतु सर्वस्व सोडून पळताना लोकांनी काय जपले, याची त्या समाजाच्या मनातील आठवण तिने राखून ठेवली आहे. इतिहासकाराने तारीख तपासावी आणि श्रद्धावंताने अर्थ शोधावा. दोघांचे भांडण होण्याचे कारण नाही.

एकोणिसाव्या शतकात या जीवनक्रमाला पहिला धक्का बसला. 1860 नंतर ला स्पेझिया येथे आरमाराची मोठी गोदी उभारली गेली आणि 1874 साली किनाऱ्याची रेल्वे पूर्ण झाली. शतकानुशतके एकाकी असलेली गावे जगाशी जोडली गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तरुण मळे सोडून रोजंदारीकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही गळती वाढली आणि पुढे पर्यटनाने उरलेल्यांनाही सोपी मिळकत दाखवली. त्यांना दोष कोण देणार? टोपली डोक्यावर घेऊन दिवसभर शेकडो पायऱ्या चढण्यापेक्षा पाहुण्यांना खोली भाड्याने देणे सुखाचे. डोंगरमाथ्याकडचे मळे ओस पडले, गडग्यांत झुडपे वाढली, निसटलेले दगड बसवणारा हात राहिला नाही.

1997 साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित केला आणि 1999 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. पण सन्मानपत्राने भिंत सावरली जात नाही. 25 ऑक्टोबर 2011 रोजी काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. डोंगरावरून माती, दगड आणि झाडे यांचा लोंढा वेर्नात्सा व मोंतेरोस्सो या गावांवर आला. वेर्नात्साचा मुख्य रस्ता गाळाने भरला, तळमजले गाडले गेले, माणसे मृत्युमुखी पडली. असा पाऊस कोणत्याही डोंगराला जड गेला असता, हे खरे. तथापि निगा सुटलेल्या पायऱ्यांवर दरडी अधिक सहज कोसळतात, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. 2012 साली रिओमाज्जोरे व मानारोला यांच्यामधील प्रसिद्ध 'प्रेमाची वाट' दरड कोसळल्याने बंद झाली. ती पुन्हा खुली होण्यास 2024 साल उजाडावे लागले.

गावकरी खचले नाहीत. त्यांनी गाळ उपसला, घरे उभी केली. ओस पडलेले मळे पुन्हा लावण्याचे आणि तरुणांना गडगा रचायला शिकवण्याचे प्रयत्न सुरू झाले. 2018 साली चुन्याविना दगड रचण्याच्या या कलेचा, इटलीसह युरोपातील आठ देशांच्या वतीने, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. शेतकऱ्याच्या हाताला ही उशिरा मिळालेली मानवंदना होय.

यशया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात द्राक्षमळ्याचे गीत आहे. मालक जमीन खणतो, दगड वेचतो, उत्तम वेल लावतो. आणि भिंत पडताच मळा काटेकुट्यांचा होतो. चिंक्वे तेर्रेचे शेतकरी हे गीत मिस्सामध्ये ऐकत, तेव्हा त्यांना त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नसेल. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाऊदातो सी' या परिपत्रात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घर एकदा बांधून भागत नाही, ते रोज सांभाळावे लागते, हे या पाच गावांनी मोठी किंमत मोजून शिकले आहे.

आपल्यापैकी जे रोम, असिसीच्या यात्रेला जातात, त्यांना या किनाऱ्यासाठी एक दिवस काढता आला तर त्यांनी अवश्य काढावा. समुद्रालगतची वाट सारेच चालतात. आपण एखादी पाखाडी चढून वरच्या मातेपर्यंत जावे. वाटेत दगड बसवणारा एखादा शेतकरी भेटला, तर क्षणभर थांबून त्याला नमस्कार करावा. ज्या दृश्यासाठी जग तेथे येते, ते त्याच्या हातांनी तोलून धरले आहे. आणि घरी परतल्यावर आपल्याही वाडवडिलांनी रचलेला कोणता बांध कुणाच्या हाताची वाट पाहत आहे, याचा शोध घ्यावा.