हौशी ड्रॅग शर्यतींमधील वर्गवारी व स्पर्धापद्धती

ड्रॅग शर्यत ही सरळ धावपट्टीवर, थांबलेल्या स्थितीतून सुरू होणारी दोन वाहनांमधील स्पर्धा होय. शर्यतीचे अंतर परंपरेने पाव मैल (सुमारे ४०२ मीटर) असते. अनेक स्थानिक धावपट्ट्यांवर ते एक अष्टमांश मैल (सुमारे २०१ मीटर) असते. स्पर्धा बाद पद्धतीने खेळली जाते. प्रत्येक लढतीत एक स्पर्धक बाद होतो आणि शेवटी उरलेला विजेता ठरतो.

हौशी गटात उतरणारी वाहने किंमत, वजन, इंजिन व वय या बाबतींत एकमेकांपासून फार भिन्न असतात. अशा असमान वाहनांमध्ये न्याय्य लढत घडवून आणण्यासाठी तीन प्रमुख पद्धती विकसित झाल्या: समान वर्गातील वाहनांची थेट लढत, ठरावीक निर्देशवेळेवर आधारलेली इंडेक्स पद्धत आणि स्पर्धकाने स्वतः जाहीर केलेल्या वेळेवर आधारलेली ब्रॅकेट पद्धत. या तिन्ही पद्धती वेगवेगळ्या गुणांना बक्षीस देतात. त्यामुळे कोणती पद्धत अधिक न्याय्य, हा या क्रीडाप्रकारातील जुना वादविषय आहे.

== पार्श्वभूमी ==

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, जुन्या मोटारींमध्ये फेरफार करून त्या वेगाने पळवण्याचा छंद तरुणांमध्ये पसरला. सार्वजनिक रस्त्यांवरील धोकादायक शर्यतींना पर्याय म्हणून वापरात नसलेल्या विमान-धावपट्ट्यांवर नियमबद्ध स्पर्धा सुरू झाल्या. इ.स. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) ही संस्था स्थापन केली. संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इ.स. १९५५ मध्ये कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे भरवण्यात आली.

आरंभीच्या काळात झेंडा दाखवून शर्यत सुरू केली जात असे. झेंडा हलवणाऱ्या व्यक्तीच्या हालचालीचा अंदाज घेऊन काही चालक आधीच निघत आणि त्यावरून वाद होत. इ.स. १९६३ मध्ये 'ख्रिसमस ट्री' नावाचा दिव्यांचा खांब वापरात आला. त्यामुळे सुरुवात यंत्राधीन झाली आणि दोन वाहनांना वेगवेगळ्या क्षणी, तरीही अचूक अंतराने, सोडणे शक्य झाले. हँडिकॅपवर आधारलेल्या पुढील सर्व पद्धती या यंत्रणेवर अवलंबून आहेत.

== वेळेचे मोजमाप ==

ड्रॅग शर्यतीत दोन वेळा स्वतंत्रपणे मोजल्या जातात. हिरवा दिवा लागल्यापासून वाहन आरंभरेषा सोडेपर्यंतचा काळ म्हणजे प्रतिसादवेळ. वाहनाने आरंभरेषा सोडल्यापासून अंतिमरेषा गाठेपर्यंतचा काळ म्हणजे धाववेळ. धाववेळेचे घड्याळ हिरव्या दिव्यावर नव्हे, तर वाहन हलल्यावर सुरू होते. म्हणून कमी धाववेळ नोंदवूनही उशिरा निघालेला चालक हरू शकतो.

हिरव्या दिव्यापूर्वी वाहन निघाल्यास लाल दिवा लागतो आणि स्पर्धक बाद होतो. हौशी गटांत बहुधा तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागून शेवटी हिरवा दिवा लागतो. 'प्रो ट्री' या प्रकारात तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात व ०.४ सेकंदाने हिरवा दिवा लागतो.

== वर्गवारी आणि थेट लढत ==

न्याय्य स्पर्धेची सर्वांत सरळ कल्पना म्हणजे सारख्या क्षमतेच्या वाहनांना एकाच वेळी सोडणे. यासाठी वाहनांचे वर्ग पाडावे लागतात. एनएचआरएच्या 'स्टॉक' व 'सुपर स्टॉक' गटांत वाहनाचे वजन भागिले अश्वशक्ती या गुणोत्तरावरून वर्ग ठरतो. १,६०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीची अश्वशक्ती ३२० मानल्यास दर अश्वशक्तीमागे ५ किलोग्रॅम भार येतो. तिच्या इंजिनाची खरी शक्ती ४०० असल्यास हा भार ४ किलोग्रॅमच असतो. म्हणजे कागदावर समान दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा ती मोटार प्रत्यक्षात बरीच वरचढ ठरते.

हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही. इ.स. १९६० च्या दशकात काही उत्पादकांनी आपल्या इंजिनांची अश्वशक्ती प्रत्यक्षापेक्षा कमी जाहीर केली. फोर्डच्या '४२८ कोब्रा जेट' इंजिनाची जाहीर अश्वशक्ती ३३५ होती आणि ती वास्तवापेक्षा कमी असल्याचे मानले जाते. अशा इंजिनांसाठी उत्पादकाचा आकडा बाजूस ठेवून संस्थेने ठरवलेली अश्वशक्ती धरण्याची प्रथा पडली. पुढे प्रत्यक्ष शर्यतींतील वेळा तपासून इंजिनाची मानीव अश्वशक्ती वाढवण्याची स्वयंचलित पद्धतही लागू झाली.

या उपायाने नवा पेच निर्माण केला. मानीव अश्वशक्ती एका मोटारीपुरती नव्हे, तर त्या प्रकारच्या सर्व इंजिनांसाठी वाढते. त्यामुळे एका स्पर्धकाने दाखवलेल्या वेगाचा भुर्दंड तेच इंजिन वापरणाऱ्या इतरांनाही बसतो. परिणामी आपला पूर्ण वेग न दाखवता अंतिमरेषेपूर्वी वेग कमी करण्याकडे कल वाढतो.

थेट लढतीत पैशाचा प्रश्नही तीव्र असतो. नियमांच्या मर्यादेत राहून इंजिनाचे भाग अधिक काटेकोरपणे घडवणे खर्चिक असते आणि शतांश सेकंदाच्या फरकासाठीही मोठी रक्कम खर्ची पडू शकते. नियमभंग रोखण्यासाठी विजेत्याचे इंजिन उघडून त्याच्या भागांची मापे तपासली जातात. ही तपासणी वेळखाऊ असून तिच्यासाठी जाणकार तपासनीस लागतात. लहान धावपट्ट्यांना ती नियमितपणे करणे अवघड जाते.

मिशिगन राज्यातील 'प्युअर स्टॉक मसल कार ड्रॅग रेस' या स्पर्धेत वेगळा मार्ग अवलंबला जातो. तेथे मूळ स्वरूपातील जुन्या मोटारींच्या वेळा आधी नोंदवून जवळजवळ सारख्या वेळेच्या दोन मोटारींची जोडी लावतात आणि तीनपैकी दोन धावा जिंकणारा विजयी ठरतो.

== इंडेक्स पद्धत ==

इंडेक्स पद्धतीत गटासाठी किंवा वर्गासाठी एक निर्देशवेळ ठरवलेली असते. एनएचआरएच्या 'सुपर कॉम्प', 'सुपर गॅस' आणि 'सुपर स्ट्रीट' या गटांत पाव मैलासाठी ही वेळ अनुक्रमे ८.९०, ९.९० आणि १०.९० सेकंद आहे. दोन्ही वाहने एकाच वेळी निघतात. मात्र निर्देशवेळेपेक्षा कमी वेळात धाव पूर्ण करणारा स्पर्धक बाद होतो.

या गटांतील अनेक मोटारी निर्देशवेळेपेक्षा बऱ्याच वेगवान असतात. त्यांच्यावर बसवलेले 'थ्रॉटल स्टॉप' हे उपकरण सुरुवातीनंतर ठरावीक काळ इंजिनाची झडप अंशतः बंद ठेवते व नंतर पूर्ण उघडते. त्यामुळे मोटार धीम्या गतीने सुरुवात करून अखेरीस अतिशय वेगाने अंतिमरेषा ओलांडते. मागून येणाऱ्या चालकाला प्रतिस्पर्धी सतत समोर दिसतो आणि शेवटच्या क्षणी किती अंतराने पुढे जायचे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून समान निर्देशवेळ असूनही अधिक शक्तिशाली मोटारीचा लाभ पूर्णपणे नाहीसा होत नाही.

'कॉम्पिटिशन एलिमिनेटर' या गटात निर्देशवेळांमधील फरकाएवढी आघाडी दिली जाते, परंतु वेगाने धावल्याबद्दल कोणी बाद होत नाही. निर्देशवेळेपेक्षा फारच जलद धाव झाल्यास ती निर्देशवेळच कमी केली जाते. त्यामुळे आजचा विजय आणि पुढील लढतींतील सवलत यांचा हिशेब स्पर्धकाला एकाच वेळी करावा लागतो.

== ब्रॅकेट पद्धत ==

ब्रॅकेट पद्धतीत प्रत्येक स्पर्धक आपले वाहन किती वेळात धाव पूर्ण करील हे आधी जाहीर करतो. या वेळेला 'डायल-इन' म्हणतात आणि ती बहुधा मोटारीच्या काचेवर लिहिलेली असते. दोन डायल-इनमधील फरकाएवढी आघाडी धीम्या वाहनाला मिळते. अमेरिकेतील स्थानिक धावपट्ट्यांवर इ.स. १९७० च्या दशकापासून ही पद्धत रूढ झाली.

=== उदाहरण ===

'क' या मोटारीची डायल-इन १२.०० सेकंद आणि 'ख' या मोटारीची १०.०० सेकंद असल्यास 'क'ला दोन सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. 'क'ची प्रतिसादवेळ ०.०३० व धाववेळ १२.०३० सेकंद असल्यास ती आपल्या हिरव्या दिव्यानंतर १२.०६० सेकंदांनी अंतिमरेषा गाठते. 'ख'ची प्रतिसादवेळ ०.०५० व धाववेळ १०.००५ सेकंद असल्यास आघाडीचे दोन सेकंद धरून ती १२.०५५ व्या सेकंदाला पोहोचते. 'ख'चा चालक उशिरा निघूनही ०.००५ सेकंदाने जिंकतो. अंतिमरेषेजवळ 'क'चा वेग ताशी १७७ किलोमीटर असल्यास हा फरक सुमारे २५ सेंटीमीटर भरतो.

=== ब्रेकआउट ===

केवळ आघाडी दिली तर मुद्दाम धीमी वेळ जाहीर करून जिंकणे सोपे झाले असते. ते टाळण्यासाठी जाहीर वेळेपेक्षा जलद धावणारा स्पर्धक बाद ठरतो. याला 'ब्रेकआउट' म्हणतात. वरील उदाहरणात 'ख'ने ९.९९५ सेकंदांत धाव घेतली असती, तर ती प्रथम पोहोचूनही हरली असती. दोघांनीही मर्यादा ओलांडल्यास जो कमी प्रमाणात ओलांडतो तो जिंकतो. प्रतिस्पर्धी लाल दिव्यामुळे आधीच बाद झाला असेल, तर ब्रेकआउट सामान्यतः गृहीत धरला जात नाही.

या नियमामुळे वाहनाच्या वेगापेक्षा त्याचे सातत्य आणि चालकाचा अंदाज महत्त्वाचे ठरतात. रोजच्या वापरातील जुनी मोटार महागड्या शर्यतीच्या मोटारीस हरवू शकते. हौशी स्पर्धकांमध्ये या पद्धतीच्या लोकप्रियतेचे हे मुख्य कारण आहे. दुसरीकडे, सर्वांत वेगवान वाहन जिंकत नसेल तर ती शर्यत कसली, असा आक्षेप थेट लढतीचे समर्थक घेतात. पुढे गेलेला स्पर्धक अंतिमरेषेजवळ ब्रेक लावताना पाहून नवख्या प्रेक्षकाला निकालाचा अर्थ लागत नाही, अशीही टीका होते.

== समन्यायाविषयीचे वाद ==

'''वेळ लपवणे''': ब्रेकआउटचा नियम असूनही काही चालक जाणूनबुजून थोडी धीमी वेळ जाहीर करतात आणि प्रतिस्पर्ध्याकडे पाहत अंतिमरेषेजवळ वेग कमी करतात. अमेरिकेत यास 'सँडबॅगिंग' म्हणतात. काहींच्या मते ही फसवणूक आहे, तर काहींच्या मते अंदाज चुकल्यास बाद होण्याचा धोका पत्करलेले ते कौशल्य आहे. 'स्टॉक' व 'सुपर स्टॉक' गटांत एकाच वर्गातील दोन मोटारी समोरासमोर आल्यास डायल-इन व ब्रेकआउट दोन्ही रद्द होऊन थेट लढत होते. तेथे लपवलेल्या वेगाचा उपयोग जिंकण्यासाठी उघडपणे करता येतो.

'''इलेक्ट्रॉनिक साहाय्य''': 'डिले बॉक्स' या उपकरणामुळे चालक पहिल्या पिवळ्या दिव्यावर बटण सोडतो आणि ठरवलेल्या काळानंतर वाहन आपोआप निघते. शेवटच्या दिव्याच्या क्षणाचा अंदाज बांधण्याची गरज त्यामुळे उरत नाही. अशी उपकरणे असलेल्या व नसलेल्या वाहनांना एकत्र खेळवणे अन्यायकारक ठरते, म्हणून अनेक ठिकाणी दोन्हींसाठी स्वतंत्र गट असतात.

'''पहिला लाल दिवा''': हँडिकॅपच्या लढतीत धीमे वाहन आधी निघते. त्याने किंचितही घाई केल्यास पारंपरिक नियमानुसार ते लगेच बाद होते आणि नंतर निघणाऱ्या वाहनाची याहून मोठी घाईही माफ होते. हा धीम्या वाहनांवरील अन्याय मानला जातो. काही स्पर्धांमध्ये आता दोन्ही चालकांच्या चुकांची तुलना करून अधिक घाई करणाऱ्यास बाद ठरवणारी यंत्रणा वापरली जाते.

'''पुनर्प्रवेश व बाय''': अनेक ब्रॅकेट स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलेल्यांना पुन्हा शुल्क भरून परतता येते. त्यामुळे बक्षिसाची रक्कम वाढवता येते व दुरून आलेल्यांना दुसरी संधी मिळते. मात्र ज्याला दुसरे शुल्क परवडते त्यालाच ही संधी मिळते. स्पर्धकांची संख्या विषम असल्यास एकाला प्रतिस्पर्ध्याविना पुढील फेरी मिळते. ही सवलत चिठ्ठीने द्यावी की सर्वोत्तम प्रतिसादवेळ असलेल्यास, याबाबत स्पर्धेनुसार नियम बदलतात.

'''हवामान व उंची''': उष्ण, दमट किंवा विरळ हवेत इंजिनाला कमी प्राणवायू मिळतो व धाववेळ वाढते. म्हणून उंचावरील धावपट्ट्यांसाठी एनएचआरए निर्देशवेळांमध्ये दुरुस्ती करते. ब्रॅकेट पद्धतीत ही दुरुस्ती स्पर्धकालाच करावी लागते. सकाळी अचूक ठरलेली डायल-इन दुपारी चुकीची ठरू शकते.

== भारतातील स्थिती ==

भारतात मोटार क्रीडांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. येथील ड्रॅग स्पर्धांत प्रामुख्याने इंजिनाच्या घनक्षमतेनुसार वर्ग पाडून थेट वेगाची तुलना केली जाते. मोटारसायकलींसाठी टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक असे भेदही केले जातात. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील अँबी व्हॅली येथील विमान-धावपट्टीवर 'द व्हॅली रन' या नावाने ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. घनक्षमता मोजणे सोपे असले तरी टर्बोचार्जर, वजन आणि केलेले फेरफार यांमुळे एकाच घनक्षमतेच्या वाहनांच्या वेगात मोठा फरक पडू शकतो.

सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीविना शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार दंडनीय गुन्हा आहे.

== हेही पहा ==

* ड्रॅग शर्यत
* नॅशनल हॉट रॉड असोसिएशन
* हँडिकॅप
* अश्वशक्ती