संगणक 'हँग' होतो तेव्हा...

पडद्यावरचे घड्याळ एकाच मिनिटावर थांबते, माऊसचा बाण जागचा हलत नाही आणि कोणतीही कळ दाबली तरी प्रतिसाद मिळत नाही. व्यवहारात यालाच 'संगणक हँग झाला' असे म्हणतात. लातूरच्या आडत बाजारातील हिशेबनीस असो, नांदेडच्या वजिराबादेतील डीटीपी व्यावसायिक असो की प्रवेश परीक्षेचा अर्ज अखेरच्या दिवशी भरणारा विद्यार्थी, ही वेळ कोणावरही येऊ शकते. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'फॉरमॅट मारा'. मात्र, संपूर्ण संगणक वारंवार गोठत असेल तर दोष बऱ्याचदा यंत्रभागांत असतो. फॉरमॅटने वर्षभराचे हिशेब पुसले जातात आणि दोष तसाच राहतो.

खरेच गोठला आहे का?

प्रथम की-बोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. दिवा लागत-विझत असेल तर संगणक जिवंत आहे. एखादा प्रोग्राम अडकला आहे. काही मिनिटे थांबून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात आणि टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्राम बंद करावा. दिवाही हलत नसेल तर पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरण्यावाचून पर्याय उरत नाही. संगणक पुन्हा सुरू होताच पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे. दुरुस्ती त्यानंतर.

वेळ सांगते कारण

संगणक केव्हा गोठतो, याची चार-आठ दिवस वहीत नोंद ठेवावी. सुरू केल्यावर अर्ध्या तासाने गोठत असेल तर उष्णतेचा, व्हिडिओ किंवा गेम चालवताना गोठत असेल तर ग्राफिक्स कार्ड अथवा एसएमपीएसचा, फाइल उघडताना गोठत असेल तर डिस्कचा आणि काहीच ताळमेळ लागत नसेल तर रॅमचा संशय घ्यावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये '४१' क्रमांकाची नोंद दिसते. तिचा अर्थ संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच. कारण तिच्या आधीच्या नोंदींत शोधावे.

ऊन, धूळ आणि वीज

मे महिन्यात नांदेड व लातूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे. त्यात टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले कॅबिनेट आणि पंख्यात साचलेली धूळ यांची भर पडते. आजचे प्रोसेसर तापल्यावर आधी गती कमी करतात, नंतर संगणक बंद पाडतात. पण मदरबोर्डवरील इतर भागांना असे संरक्षण असतेच असे नाही. वीजजोड काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढावी. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले दिसल्यास तो जाणकाराला दाखवावा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात घातक विद्युतदाब शिल्लक असतो.

विजेचा दाब २३० व्होल्टच्या आसपास स्थिर आहे का आणि अर्थिंग योग्य आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. संगणक घरगुती इन्व्हर्टरवर चालत असेल आणि त्याला तशी सोय असेल तर बटण 'यूपीएस' या स्थितीत ठेवावे.

रॅम आणि डिस्क

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे संपर्कबिंदू खोडरबराने हलकेच स्वच्छ करून पुन्हा बसवाव्यात. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्राम रात्रभर चालवल्यास सदोष रॅम बहुधा उघडी पडते. डिस्कची प्रकृती 'स्मार्ट' नोंदींवरून कळते. जुनी सेटा केबल बदलून पाहणे हा स्वस्त उपाय आहे.

शेवटी सॉफ्टवेअर

दोष सॉफ्टवेअरचा असूच शकत नाही, असे नव्हे. मिलिसेकंद मोजणारा आकडा भरून गेल्याने विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालल्यावर गोठत असत. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे आढळल्यावर २०२४ मध्ये कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असल्यास बायोस अद्ययावत करावे.

निर्णायक कसोटी सोपी आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून काही तास काम करावे. तेथेही संगणक गोठला तर दोष यंत्रभागात आहे, हे जवळपास निश्चित. न गोठल्यास संशय विंडोज, ड्रायव्हर किंवा डिस्कवर जातो; तेव्हा अलीकडे टाकलेले ड्रायव्हर व प्रोग्राम काढून पाहावेत. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही. एवढे करूनही प्रश्न सुटला नाही आणि डिस्क ठणठणीत असेल, तरच फॉरमॅटचा विचार करावा.