भातुकलीतून शिकता येतो संयम: लहान मुले आणि लुटुपुटूचा खेळ

"अडीच वर्षांचा आहे, पण एकही खेळणं कुणाला देत नाही. हट्टी झालाय का, डॉक्टर?" ओपीडीत हा प्रश्न नेहमी येतो. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच असते. स्वतःला आवरण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो आणि त्याची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू राहते. या वयात 'दे त्याला' म्हटले की वस्तू कायमची गेली, असेच मुलाला वाटू शकते. त्यासाठी चापट मारू नका. ओढून घेणे चालते, एवढेच तो त्यातून शिकतो.

हा संयम खेळातून वाढतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे म्हणणे होते की लुटुपुटूच्या खेळातही नियम असतात. भातुकलीत आई झालेली मुलगी आधी 'बाळा'ला जेवायला वाढते. खाऊ समोर असला तरी थांबते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या मनुइलेन्को यांच्या प्रयोगात, नुसते 'हलू नको' सांगितल्यावर बालवाडीच्या वयाची मुले जेवढा वेळ स्थिर उभी राहिली, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती पहारेकरी झाल्यावर राहिली.

घरी वेगळे काही आणावे लागत नाही. जुने डबे, ओढणी, रिकामी खोकी पुरतात. दुकान-दुकान खेळताना गिऱ्हाईक रांगेत थांबते, डॉक्टर-डॉक्टर खेळताना पेशंट आपला नंबर येण्याची वाट पाहतो. एकच स्टेथोस्कोप असेल तर उत्तमच! थोड्या वेळाने डॉक्टर बदलायचा, हे खेळाआधीच ठरवा. खेळणे परत मिळते, हा अनुभव चार-पाचदा आला की देणे सोपे जाते. मुलाचे अगदी लाडके खेळणे मात्र आधीच आत ठेवा. ते वाटून घ्यायची सक्ती नको.

तुम्ही पेशंट व्हा, दिग्दर्शक नको. 'असं नाही, तसं कर' सुरू झाले की खेळ संपतो. भांडण झाले तर मारामारी होईपर्यंत थांबू नका, पण लगेच निवाडाही करू नका. "आता दुकानदार काय करेल?" एवढे विचारून पाहा.

असा खेळ साधारण दीड-दोन वर्षांपासून दिसू लागतो. अडीच वर्षांपर्यंत मूल अजिबात लुटुपुटूचे खेळत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल किंवा बोलणे मागे असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. आधी येत असलेले शब्द किंवा खेळ बंद झाले असतील, तर कोणत्याही वयात लगेच दाखवा.