विस्तवाआडची तबकडी

एका घराचे दोन संसार झाले, की आपण म्हणतो, 'त्यांनी वेगळी चूल मांडली.' जपानी भाषेतही असाच वाक्प्रचार आहे. तिथे घर वेगळे झाले, की 'कामादो' वाटून घेतली असे म्हणतात. कामादो म्हणजे चूल. जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथांत निन्तोकु सम्राटाची एक आख्यायिका येते. उंचावरून देश न्याहाळताना त्याला घराघरांतून धूर निघताना दिसला नाही. प्रजेच्या चुली पेटत नाहीत हे ओळखून त्याने तीन वर्षे कर माफ केला. चुलीला असा मान देणाऱ्या देशातली ही कामादो आज अमेरिकेतल्या घरांच्या परसात दिसते, आणि तिच्यातली एक साधी तबकडी या प्रवासाची गोष्ट सांगते.

मातीची ही बंदिस्त चूल सुमारे पाचव्या शतकात कोरियातून जपानमध्ये पोचली. तिच्या तोंडावर भाताचे रुंद पाळीचे भांडे चपखल बसे. पुढे तिचे उचलून नेता येणारे रूप आले, ते म्हणजे मुशी-कामादो. गोल पोट, घुमटासारखे झाकण, खाली हवेसाठी दार आणि वर धुरासाठी भोक. आत निखारे आणि त्यांच्यावर भाताचे भांडे. दार आणि भोक बंद केले, की विस्तव मंदावे आणि भात आपल्याच वाफेत मुरे. या रचनेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. विस्तवाची झळ भाताला थेट कधीच लागत नसे. मध्ये भांड्याचा तळ असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ ते १९५२ या काळात, जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. तिथल्या अमेरिकी सैनिकांना ही चूल आवडली आणि मायदेशी परतताना काहींनी ती बरोबर नेली. मात्र त्यांना भात शिजवायचा नव्हता, मांस भाजायचे होते. त्यांनी आतले भांडे काढले आणि तिथे लोखंडी जाळी बसवली. इकडे १९५५च्या डिसेंबरात तोशिबा कंपनीने विजेवर चालणारा भाताचा कुकर बाजारात आणला आणि जपानी स्वयंपाकघरातून कामादो हळूहळू मागे पडली. तिकडे १९७४मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' या नावाने तिचा व्यवसाय सुरू केला. साध्या मातीच्या चुली काही वर्षांत तडकत, म्हणून पुढे त्या जास्त टिकाऊ सिरॅमिकच्या होऊ लागल्या.

पण भांडे गेले आणि त्याबरोबर विस्तवाचा आडोसाही गेला. मांसाचे पातळ तुकडे झटपट भाजायचे असतील, तर त्यावाचून अडत नाही. मोठा तुकडा ११०-१२० अंश सेल्सिअसवर दहा-बारा तास शिजवायचा, किंवा पाव भाजायचा, तर मात्र पंचाईत होते. निखाऱ्यांची धग सरळ खालच्या बाजूवर येते. तळ करपतो, आतला भाग कच्चा राहतो. चरबी निखाऱ्यांवर ठिबकली, की भडका उडतो.

यावरचा उपाय आपल्याकडच्या गृहिणींना नवा नाही. बिर्याणीला दम देताना त्या पातेल्याखाली तवा सरकवतात. कामादोतही तेच केले गेले. हौशी लोकांनी आधी भट्टीच्या विटा वापरल्या, कुंडीखालची मातीची बशी उलटी ठेवून पाहिली. मग कंपन्यांनी तीन पायांची सिरॅमिकची तबकडी काढली. ती धग स्वतः झेलते. गरम हवा तिच्या कडेने वर चढते, घुमटाखाली फिरते आणि अन्न चहूबाजूंनी शिजते. शेगडीची भट्टी होते.

अशी तबकडी निवडताना किंवा घरी करताना पहिला प्रश्न पदार्थाचा. कुंडीची बशी स्वस्त, पण एका जागी जास्त तापली की तडकते. भट्टीची वीट जड असते, पण विस्तवासाठीच केलेली असल्याने भरवशाची. नदीतला गोटा मुळीच घेऊ नये. त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. फार तापला तर त्यातून अपायकारक धूर निघतो. चांगल्या तबकड्या बहुधा कॉर्डिएराइटच्या असतात. फ्रेंच भूवैज्ञानिक कोर्दिए यांच्या नावाने ओळखले जाणारे हे खनिज तापले तरी फारच कमी प्रसरण पावते. म्हणून कुंभारकामाच्या भट्टीतल्या फळ्याही त्याच्याच करतात.

दुसरा प्रश्न मापाचा. तबकडी चुलीच्या भिंतीला टेकेल एवढी मोठी नको. कडेने फट हवीच, नाहीतर हवा कोंडते आणि विस्तव विझू लागतो. फार लहान असली, तर कडेची धग वर निसटते. चरबी झेलणारे ताटही तबकडीवर थेट टेकवू नये. मध्ये थोडी पोकळी ठेवली, तर चरबी जळून कडवट धूर होत नाही.

वस्तू परदेशी जाते तेव्हा तिचा एखादा भाग अनावश्यक वाटून मागे राहतो. तो काय काम करीत होता, हे मग हात पोळल्यावर कळते. कामादोतून भाताचे भांडे निघाले, पण त्याचे अर्धे काम अन्नाला विस्तवापासून राखण्याचे होते. आजची तबकडी त्या भांड्याचाच उरलेला तळ आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)